चालतंय तोवर चालू द्यायचं? घरातल्या जुन्या डीबीबद्दल सल्ला हवा

माळ्यावरची_पेटी | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच असते (नुसती वाचते), या वेळी स्वतःचाच प्रश्न घेऊन आलेय.

आम्ही घर घेतलं तेव्हाच त्यातलं वायरिंग जुनं होतं. दारामागे पत्र्याची पेटी आहे, म्हणजे डीबी, जिथून घरभर वीज वाटली जाते. तिच्यात वर मेन स्विच, खाली आठ एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारे स्विच) आणि बाजूला चिनीमातीचे दोन फ्यूज. हे दोन फ्यूज कशाचे, ते आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवलाय, त्यावर निळ्या शाईत 'हॉल', 'मागची खोली', 'पंप' असं लिहिलंय. पंप काढून कितीतरी वर्षं झाली, त्या एमसीबीवर आता गीझर चालतो. पेटीवर साल कुठेच नाही. आधीच्या मालकांच्या सांगण्यावरून तीस वर्षं तरी झाली असावीत.

त्रास म्हणाल तर काहीच नाही. काही ट्रिप होत नाही, दिवे लुकलुकत नाहीत. गेल्या आठवड्यात पंख्याचा रेग्युलेटर बदलायला वायरमन आला होता. त्याने पेटी उघडली, नुसतं 'च्च' केलं आणि म्हणाला, 'ताई, हे सगळं काढून टाका.' खात्री करायला दुसऱ्याला बोलावलं तर तो म्हणे, 'असा दणकट माल आता बघायला मिळत नाही. कधी ट्रिप झालंय का? नाही ना? मग कशाला हात लावता?'

घरात दोन तट पडलेत. नवरा दुसऱ्याच्या बाजूने, सासूबाई पहिल्याच्या. मला एवढंच कळून घ्यायचंय की एमसीबीला मुदत असते का? आणि बदलायचं तर सगळी पेटी की नुसते एमसीबी?

खवचट | शनिवार, सकाळी १०:३१

नवऱ्याचं ऐका. चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस कशाला? वायरमनने 'बदला' म्हणणं म्हणजे न्हाव्याने 'केस वाढलेत' म्हणणं.

रुमाल_टाकला | शनिवार, सकाळी १०:३३

रुमाल. आमचीही पेटी त्याच वयाची आहे. वाचतोय.

चिमटा | शनिवार, दुपारी १:०५

खवचट, मी स्वतः वायरमन आहे, तरी राग नाही. आमच्यात असे लोक आहेत हे खरंच आहे.

ताई, आधी फोटो टाका. पेटीचं बाहेरचं दार उघडून जेवढं दिसतं तेवढ्याचाच. आत स्क्रूने बसवलेला पत्रा असेल तो काढायचा नाही. मेन खाली पाडला की सगळं मेलं असं लोकांना वाटतं. मेनच्या वरच्या टोकाला मीटरकडून आलेली वायर तेव्हाही जिवंतच असते. माझ्या हातावर त्याची खूण आहे, शिकाऊ होतो तेव्हाची.

आणि हे सांगा:
गीझर अर्धा तास चालल्यावर त्या एमसीबीच्या तोंडाला हाताची मागची बाजू लावून बघा, किती गरम लागतो?
पेटीजवळ कसला वास येतो का? जळक्या प्लास्टिकचा, नाहीतर मासळीसारखा?
मोठं यंत्र सुरू झालं की दिवे मंद होतात का? आणि कुठल्या खोलीत दिवा उलट जास्त उजळतो का?

शेवटच्याचं, म्हणजे दिवा जास्त उजळण्याचं, उत्तर 'हो' असेल तर धाग्यावर थांबू नका, लगेच माणूस बोलवा. न्यूट्रल, म्हणजे वीज परतायची वायर, सुटत चालल्याची ती खूण असते. न्यूट्रल पूर्ण सुटला तर काही घरांत उपकरणांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज बसतं आणि टीव्ही, फ्रिज एका झटक्यात जातात.

तांब्याची_तार | शनिवार, रात्री ८:४७

स्विचगिअरच्या (एमसीबीसारखी उपकरणं बनवणाऱ्या) कंपनीत चाचणी विभागात माझी अख्खी नोकरी झाली, म्हणजे दिवसभर एमसीबी मुद्दाम जाळायचं काम. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

दुसऱ्या वायरमनने 'कधी ट्रिप झालंय का?' विचारलं ते बरोबरच. 'नाही' हे उत्तर त्याने चांगली बातमी म्हणून घेतलं, तिथे माझं पटत नाही. तीस वर्षं न पडलेला एमसीबी दोन प्रकारचा असू शकतो. एकावर कधी जास्त भार आलाच नाही. दुसऱ्यावर आला, पण तो पडला नाही. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

आत दोन यंत्रणा असतात. एक द्विधातूची पट्टी, ती जास्त प्रवाहाने तापून हळूहळू वाकते आणि खटका सोडते. ही ओव्हरलोडसाठी. दुसरी गुंडाळी, शॉर्ट सर्किटचा मोठा प्रवाह आला की तिचं चुंबक एका क्षणात खटका उडवतं. दोन्ही शेवटी एकाच कुलपावर येऊन थांबतात, आणि खरं दुखणं त्या कुलपाचं. त्यातलं वंगण वर्षानुवर्षं धूळ खात घट्ट होतं. पट्टी वाकते, ढकलते, पण कुलूप सुटायला उशीर लावतं, नाहीतर सुटतच नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीसारखं.

मुदतीबद्दल. 'अमुक वर्षांनी फेकून द्या' अशी तारीख एमसीबीवर छापलेली नसते. आयईसी ६०८९८ या एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकात पूर्ण प्रवाहावर ४,००० वेळा उघडझाप करून दाखवावी लागते. घरात एवढी उघडझाप कोणी करत नाही, त्यामुळे एमसीबी वापराने फारसा झिजत नाही. पडून राहून, तापून आणि ओल लागून बिघडतो. म्हणून मी वय विचारत नाही, पेटी कुठे आहे ते विचारतो. कोरड्या भिंतीवर कमी भाराने चाललेली तीस वर्षं निराळी. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवरची बारा वर्षंसुद्धा त्याहून वाईट असतात.

लगेच करता येण्यासारखं एक काम आहे. दिवसाउजेडी, मोठी उपकरणं बंद करून, एकेक एमसीबी हाताने पाच वेळा खाली-वर करा. खटका ठणठणीत लागला पाहिजे. लिव्हर मऊ लागला, मधेच अडकला किंवा वर टिकेना, तर त्या एमसीबीबद्दल चर्चा संपली.

खवचट | शनिवार, रात्री ९:२०

म्हणजे खटका ठणठणीत लागला की एमसीबी चांगला?

तांब्याची_तार | शनिवार, रात्री ९:३८

नाही. हाताने पडणं म्हणजे कुलूप मोकळं आहे एवढंच. पट्टी बरोबर प्रवाहावर वाकते का, हे घरी तपासता येत नाही, त्याला प्रवाह सोडून मोजावं लागतं. नापास कोण ते या चाचणीत कळतं. पास कोण ते कळत नाही.

शून्य_प्रहर | रविवार, सकाळी ७:५५

माझी उलटी तक्रार. माझा १६ अँपिअरचा सारखा पडायचा. इलेक्ट्रिशियनने ३२ चा लावून दिला, तेव्हापासून शांतता आहे. पण हा धागा वाचून झोप उडाली. काही चुकलं का?

चिमटा | रविवार, सकाळी ८:१०

चुकलं. आजच काढा.

एमसीबी उपकरणासाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. हे ज्याला कळलं त्याला निम्मा धंदा कळला. तुमची वायर १६ ची, राखणदार ३२ चा. आता वायर तापेल आणि राखणदार झोपलेला राहील.

तांब्याची_तार | रविवार, सकाळी ९:०२

अनुमोदन. आकड्यांत सांगतो. मानकाप्रमाणे एमसीबीने त्याच्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर सोसायचा असतो आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायचं असतं. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअरला न पडणं हे त्याचं काम झालं, २३ ला तासाभरात पडणंही त्याचंच काम. '२० अँपिअर ओढले तरी पडला नाही, खराब आहे' असं म्हणणारे बरेच भेटतात, त्यात एमसीबीचा दोष नसतो.

हाच हिशोब ३२ ला लावा. ४६ अँपिअर जवळजवळ तासभर वाहू शकतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरला, तीही भिंतीतल्या नळीत आणखी चार वायरींसोबत कोंबलेली, हे झेपत नाही. साध्या पीव्हीसीच्या आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. त्यावर रोज थोडा थोडा काळ गेली तर वायर त्या दिवशी पेटत नाही. आवरण कडक होतं, मग तडकतं, आणि दुखणं काही वर्षांनी बाहेर येतं. तोवर एमसीबी कोणी बदलला होता हेही आठवत नाही.

तुमचा १६ चा सारखा का पडत होता ते शोधा. एक तर भार खरंच जास्त होता, मग दुसरी स्वतंत्र लाईन ओढा. नाहीतर टोकाचा स्क्रू सैल होता आणि त्याची उष्णता एमसीबीच्या पट्टीला लागत होती. आणखी एक शक्यता म्हणजे पेटीच तापत असेल. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरून ठरवलेला असतो, बंद पेटीत खांद्याला खांदा लावून बसलेले एमसीबी त्याहून लवकर पडतात.

पाऊलखुणा | रविवार, दुपारी १२:४४

माझा अनुभव. आमच्या डीबीत आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. नऊ वर्षांत ते कोणी दाबलं नव्हतं. असाच एक लेख वाचून दाबलं. काही नाही. पुन्हा जोर लावून दाबलं. तरी काही नाही. सगळं घर छान चालू. बटण दाबल्यावर घरात अंधार झाला नाही म्हणून घाबरायची ती माझी पहिलीच वेळ.

नवा बसवल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबते. मुलं ओरडतात, कारण वायफाय जातं.

माळ्यावरची_पेटी | रविवार, दुपारी १:१५

थांबा, आमच्याकडे आरसीसीबी आहे का हेच मला माहीत नाही. 'टी' बटण कुठेच दिसत नाही.

चिमटा | रविवार, दुपारी १:२२

मग नाही. तीस वर्षांपूर्वीच्या पेटीत नसणंच जास्त.

तांब्याची_तार | रविवार, दुपारी ३:४०

ताई, माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. एमसीबी चांगले निघाले तरी ती पेटी अपुरी आहे, कारण एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी बनलेलाच नाही.

समजा गीझरच्या आत फेज सुटून बॉडीला लागली. ती वीज अर्थिंगमधून जमिनीत जाणार. तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम असेल तर २३० व्होल्टला प्रवाह होतो साडेअकरा अँपिअर. १६ चा एमसीबी एवढ्यावर जन्मात पडणार नाही. गीझरची बॉडी जिवंत, एमसीबी सुखात, आणि नळाला हात लावणारा मधे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून बघतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की त्याने ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायचं असतं, फरक पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत.

त्याच्याही दोन मर्यादा आहेत. ओव्हरलोड त्याला दिसत नाही, म्हणून एमसीबी लागतोच. आणि 'टी' बटण आरसीसीबीच्या आतली यंत्रणा तपासतं, तुमचं अर्थिंग नाही. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर तो ऐटीत पडेल. अर्थिंग वेगळं मोजून घ्या.

घेताना 'एसी' प्रकाराऐवजी 'ए' प्रकारचा घ्या. इन्व्हर्टरवाले एअर कंडिशनर, नवी वॉशिंग मशिन यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून गळणारा प्रवाह दर वेळी साधा उलटसुलट नसतो. 'एसी' प्रकाराला तो नीट ओळखता येत नाही.

खवचट | रविवार, दुपारी ४:०५

तारकाका, तुम्ही फार घाबरवता. पण 'टी' बटण दाबून आलो. पडलं. हुश्श.

माळ्यावरची_पेटी | रविवार, रात्री ९:५०

फोटो टाकलेत. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं.

सात एमसीबींचा खटका ठीक वाटला. 'पंप'चा, म्हणजे गीझरचा, मऊ लागतो. लिव्हर खाली येतो पण 'टक्' असा आवाज होत नाही. गीझर वीस मिनिटं चालल्यावर हात लावला तर चांगलाच गरम, शेजारचे दोन कोमट. वास नाही. पण फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं की त्या एमसीबीच्या खालची वायर लाल नाही, तपकिरी दिसतेय. बाकीच्या लाल आहेत. ती मुळातच तपकिरी असेल का?

चिमटा | रविवार, रात्री १०:०२

मुळातली नाही. एकाच बंडलातून ओढलेलं काम आहे, बाकी सगळ्या लाल आहेत. ही भाजलीय. टोकाशी गडद आणि वर जाताना लाल होत गेलीय ना? म्हणजे उष्णता स्क्रूपाशी तयार होतेय.

गीझर बंद ठेवा. आजपासून, उद्यापासून नाही.

तांब्याची_तार | रविवार, रात्री १०:३०

चिमटा बरोबर सांगतायत. सैल स्क्रू एवढा वाईट का, तर एमसीबीला तो दिसतच नाही.

३ किलोवॅटचा गीझर साधारण १३ अँपिअर ओढतो. सैल टोकाचा रोध समजा ०.१ ओहम. तिथे पडणारं व्होल्टेज १.३, म्हणजे गीझरला पत्ताही लागत नाही, पाणी तापतंच. प्रवाह १३ चा १३ च, म्हणून एमसीबीलाही तक्रार नाही. पण त्या एका टोकावर १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास १७ वॅट उष्णता साठते. छोट्या सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूखाली दाबून ठेवल्यासारखं, रोज आंघोळीच्या वेळी. तापलं की तांब्यावर काळा थर चढतो, थराने रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं.

ओव्हरलोडला एमसीबी आहे, गळतीला आरसीसीबी आहे. सैल जोडाला या दोघांपैकी कोणीच नाही. तिथे बघणारा डोळाच लागतो.

रुमाल_टाकला | रविवार, रात्री १०:४१

मग मी सगळे स्क्रू घट्ट पिळून टाकतो उद्या.

चिमटा | रविवार, रात्री १०:४४

नको हो! एक तर मेनच्या वरची बाजू जिवंत, हे पुन्हा सांगतो. दुसरं म्हणजे जास्त पिळल्याने बारीक तारा तुटतात, स्क्रूची आटी जाते. प्रत्येक एमसीबीला किती जोर लावायचा ते ठरलेलं असतं, त्याचा वेगळा टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळतो. बारीक तारांच्या वायरला टोकाशी फेरुल (धातूची छोटी नळी) दाबून मग आत घालायची. काही लोक टोकाला सोल्डर लावून कडक करतात, दिसायला झकास. पण सोल्डर मऊ धातू आहे, दाबाखाली हळूहळू पसरतो आणि वर्षभरात स्क्रू आपोआप सैल.

आणि अॅल्युमिनियमची वायर असेल तर तिला हातच लावू नका. ती दाबाखाली पसरते, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, तांब्याला सरळ जोडली तर जोड कुजतो. तिला वेगळे लग (जोडायची टोकं) लागतात.

खवचट | सोमवार, सकाळी ११:१५

ठीक आहे, एक एमसीबी खराब निघाला. तो एक बदला आणि गप्प बसा. अख्खी पेटी कशाला? कोणी प्रामाणिकपणे सांगेल का की कधी बदलायची गरज नसते?

तांब्याची_तार | सोमवार, दुपारी २:२०

प्रश्न चांगला आहे. नुसती कळा गेली, पत्रा गंजला, कागद पिवळा पडला, एवढ्यासाठी बदलू नका. एमसीबी पडतो म्हणूनही बदलू नका, पडणारा एमसीबी बहुतेक वेळा कामावर हजर असतो. एखादाच बिघडला, त्याच कंपनीचा त्याच मापाचा नवा मिळतो, पेटीत आरसीसीबी आहे, वायरी मऊ आहेत, तर एकच बदला आणि खुशाल गप्प बसा.

पण दुसऱ्या कंपनीचा एमसीबी दामटून बसवणं मला मान्य नाही. बसबारची, म्हणजे सगळ्या एमसीबींना वीज देणारी, पट्टी आणि एमसीबीचा जबडा यांची मापं जुळली नाहीत तर अर्ध्याच पृष्ठावर पकड बसते, आणि वर लिहिलेला सैल जोड तुम्ही नव्याने विकत घेतलेला असतो.

एका बाबतीत मात्र मी कोणाचंच ऐकत नाही. पेटीत पाणी गेलं असेल, बुडाली असेल, तर आतले एमसीबी, आरसीसीबी वाळवून वापरायचे नाहीत. बाहेरून कोरडे दिसतात, आत कुलपावर गंज चढायला सुरुवात झालेली असते.

आता ताईंचं. आरसीसीबी नाही. गीझरची वायर भाजलेली, म्हणजे तेवढी लाईनच नव्याने ओढायला लागेल. आठ जागा होत्या त्या भरल्यात. दोन फ्यूज कशाचे ते माहीत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर पेटी बदलली असती. तीस वर्षं झाली म्हणून नाही, या चार गोष्टींसाठी.

अंधार_कोठडी | सोमवार, दुपारी ३:०९

अवांतर: सर्किट ब्रेकरची कल्पना एडिसनने १८७९ च्या पेटंट अर्जात मांडली होती, पण घराघरात शिरला तो फ्यूज. आजच्या छोट्या एमसीबीचं पेटंट ह्यूगो स्टोट्झच्या नावाने १९२४ चं, जर्मनीतलं. त्यातही उष्णतेची आणि चुंबकाची अशा दोन्ही यंत्रणा होत्या. म्हणजे शंभर वर्षं आपण तेच वापरतोय.

खवचट | सोमवार, दुपारी ३:१२

आणि ताईंच्या पेटीतला बहुतेक पहिल्या खेपेचा.

तिसरा_मजला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

पेटी बदलताना वायरींचं काय? नवी पेटी आणि भिंतीत जुन्या वायरी, म्हणजे फाटक्या धोतराला जरीचा काठ.

चिमटा | सोमवार, रात्री ८:५५

मेगर लावून घ्या. सगळी उपकरणं, बल्ब, अडॅप्टर काढायचे, मग ५०० व्होल्ट डीसी सोडून आवरणाचा रोध मोजायचा. १ मेगाओहमच्या खाली आला तर ती लाईन संशयित. चांगल्या वायरी याच्या कितीतरी वर दाखवतात. उपकरणं काढायला विसरलात तर मेगर त्यांचे प्राण घेईल, हे माणसाला आधी बजावा.

मेगरइतकीच बोटं सांगतात. पेटीतली वायर हलकेच वाकवली आणि आवरण तडकलं, तर निदान तेवढं टोक मेलेलंय. भिंतीतली वायर पुष्कळदा ठीक असते कारण उष्णता टोकाशीच होती, मग खराब तुकडा कापून पुढे घेता येतं.

थर्मल कॅमेरा असलेला माणूस मिळाला तर छान, पण भार चालू असताना बघायचं. आणि चकचकीत धातू त्या कॅमेऱ्याला फसवतो, गरम असून गार दाखवतो, म्हणून शेजारच्या प्लास्टिकवर रोखायचा.

अजून एक, फार जुन्या फ्यूजच्या आत किंवा मागे करडी, पुठ्ठ्यासारखी गादी असेल तर खरवडू नका, भोक पाडू नका. जुन्या कामात तिथे अॅस्बेस्टॉस वापरायचे.

माळ्यावरची_पेटी | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:४०

काम झालं. धागा थंड पडलाय, पण शेवट सांगितला नाही तर मलाच चैन पडणार नाही.

पहिलाच वायरमन आला, ज्याने 'च्च' केलं होतं तो. मीटरकडून पुरवठा रीतसर बंद करून घेतला, तोवर त्याने पेटीला स्पर्श केला नाही. त्याआधी मी म्हटलं म्हणून 'पंप'चा एमसीबी पाडून दाखवला. लिव्हर खाली आला, लुळा पडला, आणि गीझरच्या पॉइंटवर टेस्टर तसाच पेटलेला. नवऱ्याने तो खाली-वर करून तीनदा पाहिला. मग काही बोलला नाही. आतले दोन्ही संपर्क वितळून एकमेकांना चिकटले होते म्हणे. म्हणजे जो एमसीबी कधीच पडला नव्हता, त्याला पडताच येत नव्हतं.

आता त्या दोन फ्यूजांची गंमत. एक रिकामाच होता, कशालाच जोडलेला नाही. दुसऱ्यावर मागच्या खोलीतला सॉकेट, मेनपासून थेट, मधे एमसीबी नाहीच. त्याच सॉकेटवर आम्ही इस्त्री करतो. वायरमनने चिनीमातीचा तुकडा उपसून माझ्या हातात दिला. आत फ्यूजच्या केसासारख्या तारेऐवजी घरातल्या वायरीच्या सात-आठ तारा एकत्र पिळून बसवलेल्या. टोकं व्यवस्थित दुमडलेली, अगदी मन लावून केलेलं काम. कधी काळी फ्यूज सारखा उडत असणार आणि कोणीतरी तो कायमचा प्रश्न मिटवला असणार.

नवी पेटी बारा जागांची, तीन रिकाम्या ठेवल्यात. आरसीसीबी एकाऐवजी दोन, म्हणजे एक पडला तर निम्मं घर तरी चालू राहील. गीझरची लाईन नवी. अर्थिंग मोजलं, २० च्या जवळपासच निघालं, तारकाका तुम्ही बघून गेल्यासारखं! तेही सुधारून घेतलं. मेगरमध्ये बाकीच्या लाईनी पास झाल्या, त्या तशाच ठेवल्या.

तांब्याची_तार | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:१०

तो चिकटलेला एमसीबी फेकू नका. जमलं तर फोडून आतला फोटो टाका. नोकरीत असे शेकडो पाहिलेत, पण स्वतःहून बिघडलेला बघायची मजा वेगळी.

खवचट | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३२

पिळलेल्या तारांचं वाचून आमच्याकडचा फ्यूज काढून पाहिला. लिहीत नाही काय निघालं ते. चिमटा, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

माळ्यावरची_पेटी | बुधवार, सकाळी ९:०५

एक राहिलंच. सगळ्या एमसीबींवर नवीन चिठ्ठ्या लावल्या, पण एकावर काय आहे ते वायरमनलाही सापडलं नाही. सॉकेट तपासले, दिवे तपासले. रविवारपासून तो पाडून ठेवलाय. तीन दिवस झाले, कशाचं काही अडलं नाही. चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह काढलंय.

चिमटा | बुधवार, सकाळी ९:१८

दाराची बेल वाजवून बघितली का?

माळ्यावरची_पेटी | बुधवार, सकाळी ९:२६

बेलच आहे. तरीच म्हटलं तीन दिवस घरी कोणी कसं आलं नाही.